हृद्य कादंबरीची नैतिकता : गर्न्सी बेटावरील एका पत्रात्म कादंबरीच्या निमित्ताने

'हृद्य' हे विशेषण मराठी परीक्षणलेखनात इतके झिजले आहे की ते वापरणाऱ्याला कृतीचा गौरव करावयाचा आहे की तिला सौजन्याने बाजूस सारावयाचे आहे, हे पुष्कळदा संदर्भावरूनच ठरवावे लागते. 'एक हृद्य कादंबरी' असे म्हटले की समीक्षकाचे काम संपते. पुढचे काम वाचकाचे, आणि ते त्याने एखाद्या निवांत दुपारी उरकावे, असा काहीसा संकेत त्यात असतो. रंजनपर वाङ्मयाविषयीच्या आपल्या जुन्या संशयाचेच हे एक सभ्य रूप होय. परंतु हृद्यतेसंबंधीचा खरा प्रश्न दर्जाचा नाही. तो नैतिक आहे, आणि ऐतिहासिक कादंबरीच्या संदर्भात तो विशेष तीव्र होतो. जो काळ उपासमारीचा, हद्दपारीचा, वेठबिगारीचा आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या चहाडीचा होता, त्या काळाविषयी वाचकाचे मन निवेल अशी कादंबरी लिहिता येते काय? येत असल्यास ती लिहिण्याचा अधिकार कोणत्या अटींवर मिळतो? आणि ती वाचून मन निवलेल्या वाचकाने कोणाचे देणे बुडविलेले असते?

मेरी ॲन शॅफर आणि ॲनी बॅरोज यांची 'द गर्न्सी लिटररी अँड पोटॅटो पील पाय सोसायटी' ही कादंबरी या प्रश्नांच्या चर्चेस फार सोयीची आहे. सोयीची अशासाठी की ती उघडउघड हृद्य आहे आणि ते लपविण्याचा कोणताही प्रयत्न ती करीत नाही. शॅफर या अमेरिकन लेखिका. ग्रंथालय, ग्रंथविक्री आणि संपादन यांत त्यांचे आयुष्य गेले. गर्न्सी बेटावर गेल्या असता धुक्यामुळे त्या विमानतळावर अडकून पडल्या आणि तेथल्या दुकानात जर्मन अंमलाविषयीची पुस्तके वाचत बसल्या. कादंबरीचे बीज तेथे पडले. हस्तलिखित स्वीकारले गेल्यानंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि आवश्यक ते पुनर्लेखन त्यांची भाची ॲनी बॅरोज यांनी केले. २००८ च्या फेब्रुवारीत शॅफर वारल्या. पुस्तक त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये माइक न्यूएल यांच्या दिग्दर्शनाखाली त्यावर चित्रपटही निघाला. त्याचा विचार येथे कर्तव्य नाही, कारण कादंबरीतील महत्त्वाची गोष्ट, म्हणजे पत्र, चित्रपटात केवळ कथानकाचे साधन होऊन राहते.

कादंबरीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. गर्न्सी, जर्सी, ऑल्डर्नी, सार्क ही फ्रान्सच्या किनाऱ्यालगतची पण ब्रिटिश राजसत्तेखालील बेटे. १९४० च्या जूनमध्ये त्यांचे संरक्षण करणे निरर्थक आहे असे लंडनच्या सरकारने ठरविले आणि फौजा काढून घेतल्या. गर्न्सीच्या सुमारे ४२,००० वस्तीपैकी सुमारे १७,००० माणसे घाईघाईने इंग्लंडला हलविण्यात आली. त्यांत शाळकरी मुले हजारोंनी होती, आणि त्यांतली बरीचशी आईबापांवाचून गेली. २८ जून रोजी सेंट पीटर पोर्टच्या बंदरावर बाँब पडले. तेथे ओळीने उभ्या असलेल्या टोमॅटोने भरलेल्या मोटारी वैमानिकांना लष्करी वाहने वाटल्या असाव्यात. ३० जूनला जर्मन उतरले आणि ९ मे १९४५ पर्यंत राहिले. १९४४ च्या जूनमध्ये दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्यावर बेटांचा फ्रान्सशी असलेला पुरवठ्याचा मार्ग तुटला. त्यानंतरच्या हिवाळ्यात बेटकर आणि जर्मन शिपाई दोघेही उपाशी होते. डिसेंबरच्या अखेरीस 'व्हेगा' नावाचे रेडक्रॉसचे जहाज शिध्याची पुडकी घेऊन आले, म्हणून बेट जगले.

या हकिगतीतील एक तपशील कादंबरीच्या रूपाच्या दृष्टीने निर्णायक आहे. जर्मन अंमल सुरू होताच इंग्लंडशी असलेला टपालाचा संबंध तुटला. बेटाच्या आत टपाल चालू होते. तिकिटे कमी पडू लागली तेव्हा १९४० च्या डिसेंबरात दोन पेनीचे तिकीट मधोमध तिरके कापून त्याचा अर्धा भाग एका पेनीचे तिकीट म्हणून लावण्यास परवानगी देण्यात आली. समुद्रापलीकडे मात्र पत्र जात नव्हते. पुढे रेडक्रॉसमार्फत निरोप धाडण्याची सोय झाली. त्याची मर्यादा पंचवीस शब्दांची, मजकूर केवळ घरगुती, आणि मध्ये दोन्ही बाजूंचे तपासनीस. उत्तर यावयास महिने लागत. पाच वर्षे आईने मुलाशी पंचवीस शब्दांत बोलावयाचे, अशी ही स्थिती होती.

शॅफर यांची कादंबरी सर्वस्वी पत्रांची आहे. परंतु त्यांतील एकही पत्र युद्धकाळातले नाही, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. पहिले पत्र १९४६ च्या जानेवारीतले, शेवटचा मजकूर त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला. ज्युलिएट ॲश्टन ही लंडनमधील लेखिका. तिच्या हातून गेलेली चार्ल्स लँबच्या निवडक निबंधांची प्रत कोठल्या तरी मार्गाने गर्न्सीच्या डॉझी ॲडम्स या शेतकऱ्याच्या हाती येते. पुस्तकावर तिचे नाव आणि पत्ता आहे. तो तिला लिहितो. मग इतर बेटकर लिहू लागतात: एबेन रॅम्झी, इझोला प्रिबी, अमेलिया मॉगरी, क्लोव्हिस फॉसी. त्यांच्या वाचकमंडळाचा जन्म थापेतून झालेला आहे. जर्मनांपासून लपविलेल्या डुकराची मेजवानी आटोपून संचारबंदीच्या वेळी परतताना गस्तीने हटकले तेव्हा एलिझाबेथ मॅकेना या मुलीने वाचनमंडळाची गोष्ट रचली. ती खरी करून दाखविण्यासाठी मग मंडळ स्थापन करावे लागले. बटाट्याच्या सालींचा 'पाय' हा त्या मंडळातील खाण्याचा पदार्थ: वर साली, आत कुस्करलेले बटाटे, गोडीसाठी बीट.

एका वेळी अनेक माणसे एका अनोळखी बाईला भरभरून लिहितात, हे वाचकाला प्रथम काहीसे कृत्रिम वाटते. पण त्या भरभरून लिहिण्यामागे पंचवीस शब्दांची पाच वर्षे आहेत. या कादंबरीतला सुखद भाव युद्धाविषयीचा नसून टपाल पुन्हा सुरू झाल्याचा आहे. जे तेव्हा लिहिता आले नाही ते आता, आणि ज्यांना लिहावयाचे त्यांतील काही उरले नाहीत म्हणून अनोळखी व्यक्तीला, लिहिले जात आहे. अनोळखी व्यक्तीच का, याचेही उत्तर येथेच आहे. ज्युलिएटने लंडनवरचे बाँबहल्ले सोसले आहेत, तिचे घर पुस्तकांसह उद्ध्वस्त झाले आहे. पण बेटावरच्या पापपुण्यात तिचा वाटा नाही. तिच्याशी बोलताना कोणालाही आपला हिशेब आधी चुकता करावा लागत नाही.

येथे आपल्या परंपरेतला एक जुना प्रश्न पुढे येतो. करुण रसाचा आस्वाद सुखद कसा, हा रसचर्चेचा नित्याचा प्रश्न. त्याचे अभिनवगुप्ताच्या मार्गाने आलेले उत्तर मराठी साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. काव्यातला शोक हा या किंवा त्या व्यक्तीचा राहत नाही, त्याचे साधारणीकरण होते. 'माझा', 'शत्रूचा', 'तटस्थाचा' असे कोणतेच विशेषण त्याला उरत नाही, म्हणून तो आस्वाद्य होतो. हे उत्तर नाटकातल्या सीतेच्या बाबतीत समाधानकारक आहे. परंतु ऐतिहासिक कादंबरीत, आणि विशेषतः जिचे साक्षीदार आजही काही ठिकाणी जिवंत आहेत अशा इतिहासाच्या बाबतीत, हेच उत्तर प्रश्न बनते. जो शोक एका नोंदवहीत नावानिशी, जन्मतारखेनिशी नोंदविला गेला, त्याचे 'कोणाचाही नाही' अशा शोकात रूपांतर करावयाचा अधिकार कोणाचा? आस्वादाची जी अट आहे तीच येथे अन्यायाची शक्यता आहे. ऑश्विट्झनंतर कविता लिहिण्याविषयी आडोर्नो यांनी जे कठोर विधान केले आणि पुढे स्वतःच सौम्य केले, त्याच्या मुळाशी याच प्रकारची अस्वस्थता असावी. साधारणीकरणाच्या परिभाषेत ती मांडता येते ही गोष्ट मात्र तुलनात्मक चर्चेत सहसा लक्षात घेतली जात नाही.

पत्र या रूपाचे महत्त्व या ठिकाणी कळते. पत्राला तारीख असते, गाव असते, सही असते, आणि मुख्य म्हणजे ते कोणाला तरी उद्देशून असते. त्यातील दुःख विशेषणांसकट येते. सर्वसाक्षी निवेदक 'बेटावर लोक उपाशी होते' असे सांगतो तेव्हा उपासमार सर्वांची होते. एबेन रॅम्झी लिहितो तेव्हा ती इंग्लंडला पाठविलेल्या नातवाच्या आजोबाची असते. पत्रात्म रूप साधारणीकरणाला पानोपानी अडविते. शॅफर यांच्या कादंबरीचा विनोदही याच अडविण्यातून येतो. इझोलाला लिहिताना अघळपघळ वाहवत जाण्याची सवय आहे, डॉझी शब्द जपून वापरतो, आणि ॲडलेड ॲडिसन नावाची बाई मंडळाच्या सभासदांच्या शीलाविषयी ज्युलिएटला सावध करण्यासाठी लिहिते. या स्वरांत कोणाचाही स्वर कादंबरीचा अधिकृत स्वर नाही. बाख्तीन यांच्या अर्थाने ही अनेकस्वरता पूर्ण आहे असे म्हणणे धाडसाचे होईल, परंतु पूर्वार्धापुरती ती केवळ नावाची नाही.

चार्ल्स लँबचे पुस्तकच का निवडले गेले? कादंबरी त्याचे एक वरवरचे उत्तर देते: लँबचा भाजलेल्या डुकरावरचा निबंध आणि मंडळाच्या आरंभीचे डुक्कर. पण लँबच्या निवडीत कादंबरीच्या नैतिक भूमिकेचा गाभा आहे. लँब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत तेहतीस वर्षे कारकुनी करणारा गृहस्थ; म्हणजे आपल्या मुलखातून होणाऱ्या व्यापाराचे हिशेब लिहीत त्याचे दिवस गेले. १७९६ साली त्याच्या बहिणीने, मेरीने, वेडाच्या झटक्यात आईला सुरीने मारले. लँबने तिला वेड्यांच्या इस्पितळात कायमची राहू दिली नाही. आयुष्यभर तिचा सांभाळ केला, लग्न केले नाही. 'एलिया'चे निबंध, ती खेळकर, लडिवाळ, किंचित तिरकस शैली, या घरात लिहिली गेली. फडके, खांडेकर, काणेकर यांच्या काळात मराठी लघुनिबंधाने जी इंग्रजी परंपरा आपलीशी केली तिचा लँब हा एक मूळपुरुष; परंतु त्या स्वीकारात लँबचा खेळकरपणा आला, त्या खेळकरपणाला तोलणारे घर आले नाही. लघुनिबंध पुढे पोकळ झाला असा आक्षेप मराठीत वारंवार घेतला गेला आहे. त्याची काही कारणे येथे शोधता येतील. शॅफर यांच्या डॉझीला मात्र हे घर माहीत होते. जर्मन अंमलात लँबने आपल्याला हसविले असे तो लिहितो, आणि पुढे मेरीच्या हकिगतीपर्यंत जातो. हसणे आणि त्यामागचे ज्ञान यांचे हे नाते ही कादंबरीची स्वतःविषयीची प्रतिज्ञा आहे. ज्युलिएटने युद्धकाळात एका टोपणनावाने हलकेफुलके सदर लिहिले आहे आणि आता त्या आवाजात लिहिणे तिला नकोसे झाले आहे. हृद्य लेखन पुरे पडत नाही याची जाणीव अशा रीतीने कादंबरीच्या नायिकेलाच आहे.

ही प्रतिज्ञा कितपत पाळली गेली? तिचा सर्वांत यशस्वी भाग एलिझाबेथ मॅकेनाविषयीचा आहे. एलिझाबेथ ही कादंबरीची खरी नायिका. पण ती एकही पत्र लिहीत नाही. वाचकाची तिच्याशी गाठ पडते ती इतरांच्या पत्रांतून. तिने एका जर्मन अधिकाऱ्यावर प्रेम केले. त्याच्यापासून झालेली किट नावाची मुलगी आता मंडळातले लोक आळीपाळीने सांभाळतात. टोड्ट संघटनेने आणलेल्या एका वेठबिगार मुलाला तिने आसरा दिला, त्यासाठी ती पकडली गेली आणि रावेन्सब्रुकच्या छळछावणीत गेली. तिची वाट पाहण्यात कादंबरीचा पहिला भाग जातो. मग छावणीतून वाचलेल्या रेमी या फ्रेंच मुलीचे पत्र येते: एका बंदिनीला मारणाऱ्या पहारेकरणीच्या हातची छडी हिसकावून एलिझाबेथने तिलाच मारले आणि तिला ठार करण्यात आले. प्रीमो लेव्ही यांनी शेवटच्या काळात लिहिलेल्या निबंधांत असे म्हटले आहे की परत आलेले लोक पूर्ण साक्षीदार नव्हेत. जे तळाला गेले ते बोलावयास उरले नाहीत. पत्रांनी गजबजलेल्या कादंबरीत मध्यवर्ती व्यक्तीचे पत्र नसणे ही या विचाराची रूपाच्या पातळीवरील प्रचीती होय. लेखिकांनी मरणापूर्वीचे एखादे पत्र एलिझाबेथच्या हातून लिहवून घेतले असते तर वाचकाचे डोळे अधिक पाणावले असते. त्यांनी तसे केले नाही. हृद्य कादंबरीच्या लेखकाला हा संयम महाग पडतो, म्हणून त्याची नोंद आवर्जून केली पाहिजे.

याच ठिकाणी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एलिझाबेथसारखे आयुष्य प्रत्यक्षात एका स्त्रीच्या वाट्याला आले होते. गर्न्सीत नव्हे, जर्सीत. सेंट ओवेन येथे लहानसे दुकान चालविणाऱ्या लुइझा गूल्ड यांनी पळून आलेल्या एका रशियन युद्धकैद्याला दीर्घकाळ आपल्या घरी ठेवले. त्यांचा एक मुलगा ब्रिटिश नौदलात मारला गेला होता. १९४४ मध्ये त्या पकडल्या गेल्या आणि १९४५ च्या फेब्रुवारीत रावेन्सब्रुकमध्ये मारल्या गेल्या. त्यांच्यासह पकडला गेलेला त्यांचा भाऊ हॅरल्ड ल ड्रुइयनेक बेल्सनमधून जिवंत परतला. वाचविलेला रशियनही जिवंत राहिला. गूल्ड पकडल्या गेल्या त्या शेजाऱ्यांच्या निनावी पत्रामुळे.

निनावी पत्र! बेटांवर जर्मन अंमलाच्या काळात जर्मन कचेऱ्यांत अशी पत्रे येत होती. कोणी नभोवाणी यंत्र लपविले आहे, कोणाकडे जास्तीचे धान्य आहे, कोणाच्या माळ्यावर अनोळखी माणूस आहे. कधी बक्षिसासाठी, कधी जुन्या भांडणाचा सूड म्हणून, कधी केवळ मत्सराने. समुद्रापलीकडे पंचवीस शब्दच जाऊ शकत होते त्या काळात बेटाच्या आत ज्या लेखनाला वाचक खात्रीने मिळत होता ते हे चहाडीपत्र होते. गर्न्सीतच चार्ल्स मॅशन आणि त्यांचे सहकारी लंडनच्या बातम्या चोरून ऐकून त्यांचे हस्तपत्रक काढीत. बेटावर खरोखर अस्तित्वात असलेले गुप्त 'वाङ्मयमंडळ' म्हणावयाचे तर ते हे. १९४४ च्या आरंभी एका खबऱ्यामुळे ते उघडकीस आले. पाच जणांना शिक्षा होऊन ते जर्मनीला गेले. मॅशन आणि जोझेफ गिलिंगम परतले नाहीत. फ्रँक फाला परतले आणि त्यांनी १९६७ साली या हकिगतीचे पुस्तक लिहिले.

पत्रांच्याच कादंबरीत हा पत्रप्रकार मात्र नाही. चहाडीचे उल्लेख येतात. चहाडीपत्र येत नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाते ती ॲडलेड ॲडिसन. पण ती सही करून, तारीख घालून, विनोदी होऊन लिहिते, आणि तिच्या पत्राने कोणाचे काही बिघडत नाही. ज्या हत्याराने माणसे मेली ते येथे थट्टेचा विषय झाले आहे. हा केवळ वगळण्याचा दोष नव्हे. सहीचे पत्र माणसाला माणसाशी जोडते हा कादंबरीचा सिद्धांत आहे. त्याच्या शेजारी बिनसहीचे पत्र ठेवले असते तर तो सिद्धांत कसोटीला लागला असता. त्या कसोटीत तो टिकलाही असता, कदाचित अधिक बळकट झाला असता. परंतु वाचकाला मग डॉझीच्या पहिल्या पत्राचे पाकीट उघडताना किंचित भीती वाटली असती. ती भीती कादंबरीला परवडत नाही.

आणखी एक वगळणे याहून गंभीर आहे. १९४० च्या ऑक्टोबरात ज्यूविरोधी पहिला जर्मन हुकूम गर्न्सीच्या न्यायालयात नोंदवून घेण्यात आला. हिंदुस्थानच्या सनदी सेवेतून निवृत्त झालेले सर अब्राहम लेने यांनी संमती नाकारली. इतरांनी नाकारली नाही. बेटावरील ज्यूंची यादी बेटाच्याच नोकरांनी केली. १९४२ च्या एप्रिलमध्ये तेरेझ श्टाइनर, ऑगुस्टे श्पिट्झ आणि मारियाने ग्रुनफेल्ड या तीन स्त्रियांना फ्रान्सला नेण्यात आले, जुलैमध्ये तेथून ऑश्विट्झला. तिघींपैकी कोणीही वाचली नाही. पहिल्या दोघी इस्पितळात कामाला होत्या, तिसरी शेतावर. तिघीही मध्य युरोपातून आसऱ्याला आलेल्या, बेटाच्या दृष्टीने परक्या, आणि म्हणून यादीत घालण्यास सोप्या.

कादंबरीत ज्यू आहे तो जॉन बुकर. तो एका पळालेल्या उमरावाचा नोकर. मालकाचे सोंग घेऊन तो जर्मनांच्या नजरेखाली मालकाच्या हवेलीत राहतो आणि मंडळाच्या बैठकांत सेनेकाशिवाय दुसरे काही वाचत नाही. पुढे तो पकडला जातो, छळछावणीत जातो, आणि परत येतो. बुकर हे पात्र विलोभनीय आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या रूपाने बेटावरील ज्यूंची कथा यादीची न राहता सोंगाची होते. यादी म्हटली की यादी करणारा आला, शिक्का मारणारा आला, 'हे तर साधे प्रशासकीय काम' असे म्हणणारा आला; सोंगाच्या कथेत यांतल्या कोणाला जागा नाही. लेव्ही ज्याला करडा प्रदेश म्हणतात, जेथे माणसे दुष्ट नसून सोयीस्कर असतात, तो गर्न्सीत याच कचेरीत होता. कादंबरीने जर्मनांमध्ये एक सज्जन माणूस दाखविला, हे धैर्याचे आहे. बेटकरांमध्ये एक सज्जन कारकून दाखविला असता, ज्याने यादी केली, तर ते अधिक धैर्याचे झाले असते.

उत्तरार्धात रूपही सैल पडते. ज्युलिएट बेटावर राहावयास येते. ज्यांच्याशी पत्रव्यवहार होता ती माणसे आता तिच्या शेजारी आहेत, साहजिकच ती लिहीत नाहीत. पत्रे राहतात ती मुख्यतः ज्युलिएटने आपला प्रकाशक सिडनी यास लिहिलेली. अनेक स्वरांची जागा एका चतुर, प्रेमात पडत चाललेल्या स्वराने घेतली की बेट हे साक्ष देणारे न राहता वर्णनाचा विषय होते. पत्रात्म कादंबरीचा हा अंगभूत पेच आहे: माणसे भेटली की पत्र संपते. मराठीत वामन मल्हार जोशी यांनी 'इंदू काळे व सरला भोळे' (१९३४) मध्ये हे रूप वापरले ते विचारांच्या मतभेदांना स्वतंत्र आवाज देण्यासाठी. तेथे पत्रे वादासाठी आहेत, आणि वाद माणसे भेटल्याने संपत नाही. शॅफर यांच्या पत्रांना वाद नको, सांगाती हवा; तो मिळाल्यावर त्यांना फारसे काम उरत नाही. अखेरीस इझोलाच्या टिपणवहीतून विवाहाचा शेवट साधला जातो. तो गमतीदार आहे, पण एलिझाबेथच्या मृत्यूनंतर वाचक ज्या ठिकाणी उभा होता तेथून फार दूर आहे.

तरीही एक गोष्ट कादंबरीच्या बाजूने सांगणे प्राप्त आहे. ज्यांनी हृद्यतेला असत्य ठरविले त्यांनी बहुधा असे गृहीत धरले आहे की ती बाहेरून, नंतरच्या सुखवस्तू वाचकासाठी, इतिहासावर लादलेली गोष्ट आहे. गर्न्सीच्या बाबतीत हे खरे नाही. हृद्य मजकूर हा त्या काळाचा अस्सल दस्तऐवज आहे. रेडक्रॉसच्या निरोपांत उपासमारीविषयी लिहिण्यास मुभा नव्हती. आणि मुभा असती तरी कोणत्या आईने दूर असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला ते लिहिले असते? सगळे ठीक आहेत, अभ्यास कर, बागेत फुले आली, अशा अर्थाचा मजकूर लिहिणारी ही माणसे वाचकाला फसवीत नव्हती. ती आपल्या वाट्याची भीती त्याच्यापर्यंत पोहोचू देत नव्हती. त्या सांत्वनाला एक विशिष्ट वाचक होता आणि त्याची किंमत लिहिणाऱ्याने स्वतः मोजलेली होती. शॅफर यांच्या कादंबरीतील सर्वोत्तम पत्रे याच जातीची आहेत. एबेन किंवा अमेलिया जेव्हा भयंकर गोष्ट हलक्या हाताने सांगतात तेव्हा त्या हलकेपणाचा भार त्यांच्यावर आहे हे वाचकाला जाणवते. कादंबरी घसरते ती जेथे किंमत तिच्यात नसलेल्या माणसांनी मोजलेली असते तेथे. बुकरच्या सोंगाला हसताना जी सूट मिळते ती श्टाइनर, श्पिट्झ आणि ग्रुनफेल्ड यांच्या खात्यावर आहे.

वेठबिगारांचेही तसेच. टोड्ट संघटनेचे मजूर बेटकरांच्या पत्रांत येतात ते रस्त्याने खुरडत जाणारे, कोबीच्या पानासाठी हात पसरणारे. त्यांच्यापैकी कोणी लिहीत नाही, आणि लिहिणार तरी कसे? शेजारच्या ऑल्डर्नीतील छावण्यांत किती माणसे मेली याचा शोध घेणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली अहवाल दिला. त्यात ६४१ ते १,०२७ ही अधिक संभाव्य मर्यादा दिली आहे. मधल्या ३८६ माणसांविषयी ती तेथे मेली की नाही एवढेही ऐंशी वर्षांनी निश्चित सांगता येत नाही. साधारणीकरण काव्यात होण्यापूर्वी इतिहासातच होऊन गेलेले असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

रेडक्रॉसचे निरोप ज्यांना येत त्यांची वाचण्याची एक पद्धत तयार झाली होती, हे त्या निरोपांच्या स्वरूपावरूनच समजण्यासारखे आहे. पंचवीस शब्दांत मजकूर काय आहे याला फारसे महत्त्व नव्हते. तो सगळीकडे सारखाच असे. आजीचे नाव गेल्या निरोपात होते, या निरोपात नाही, एवढेच पाहिले जाई. इंग्लंडमधल्या एखाद्या वसतिगृहात कॉटवर बसलेले मूल कागद उलटून पाहत असे, मागच्या बाजूला आपले उत्तर लिहावयाची जागा असे, आणि तेही पंचवीस शब्दच. त्यांत ते आजीविषयी विचारी किंवा विचारीत नसे.